बर्गंडीच्या पाणंदी आणि सायकल

फ्रान्सला सायकल घेऊन निघालो आहे असे सांगितले की आमच्या सांगलीच्या सायकल ग्रुपमध्ये पहिला प्रश्न आल्प्सच्या घाटांचा येतो आणि दुसरा पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसचा. दोन्ही प्रश्न स्वाभाविक आहेत, कारण दर चार वर्षांनी होणाऱ्या, १२०० किलोमीटर अंतर ९० तासांत कापायच्या त्या ब्रेव्हेसाठी महाराष्ट्रातून मंडळी जात असतात, आणि टूर द फ्रान्स टीव्हीवर पाहणाऱ्या प्रत्येकाला आल्प द्युएझची २१ वळणे ठाऊक असतात. माझा ओढा मात्र द्राक्षांच्या मुलखाकडे होता. घरची बाग तासगाव तालुक्यात, चुलते अजूनही रोज बागेत, आणि मी सांगलीच्या विश्रामबाग भागात राहून नोकरी करणारा, सुट्टीच्या दिवशी सायकलवरून गावी जाऊन बाग पाहून परतणारा माणूस. त्यामुळे जगातल्या सर्वांत नावाजलेल्या बागा पाहायच्या तर त्या मोटारीच्या काचेतून नव्हे, सायकलच्या वेगाने पाहायच्या, एवढे मनाशी पक्के होते. येथे मुख्यतः पूर्व फ्रान्समधल्या बर्गंडी या वाइनच्या प्रदेशातील मार्गांविषयी लिहितो. आल्सास आणि बोर्दो यांच्याविषयी जेवढ्यास तेवढे.

बर्गंडीत सायकलस्वारासाठी जी खरी चैन आहे, ती म्हणजे बागांमधून जाणाऱ्या अरुंद, पक्क्या, जवळजवळ निर्मनुष्य वाटा. या वाटा पर्यटकांसाठी केलेल्या नाहीत. त्या आपल्याकडच्या पाणंदींसारख्या शेतात जाण्यासाठीच्या वाटा आहेत, फक्त त्यांवर डांबर किंवा काँक्रीट पडलेले आहे. त्या इतक्या संख्येने का आहेत याचे कारण जमिनीच्या वाटण्यांत सापडते. मध्ययुगात या उताराचा मोठा भाग मठांच्या ताब्यात होता. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर धर्मसंस्थांची जमीन जप्त होऊन विकली गेली, आणि १८०४ च्या नेपोलियनच्या दिवाणी संहितेने सर्व मुलांना वारसाहक्क दिल्यामुळे पुढच्या प्रत्येक पिढीत तिचे आणखी तुकडे पडत गेले. क्लो द वूजो या सुमारे ५० हेक्टरच्या, सिस्टर्शियन साधूंनी दगडी भिंतीने बंदिस्त केलेल्या एका बागेत आज ऐंशीच्या आसपास मालक आहेत, आणि त्यातल्या काहींच्या वाट्याला वेलींच्या मोजक्याच ओळी आहेत. सातबाऱ्यावर दहा नावे पाहायची सवय असलेल्या आपल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. पण प्रत्येक तुकड्यापर्यंत ट्रॅक्टर पोहोचला पाहिजे, म्हणून प्रत्येक तुकड्याला वाट आहे, आणि आपल्याकडे ज्या वहिवाटीच्या रस्त्यासाठी तहसीलदारांपुढे वर्षानुवर्षे तारखा पडतात, तो तिथे नकाशावर आखलेला, पक्का आणि सर्वांसाठी खुला दिसतो. ज्या प्रदेशात एकेका मालकाकडे शेकडो एकर सलग आहेत, तिथे सायकलसाठी असे जाळे मिळत नाही. बोर्दोतल्या मोठ्या हवेल्यांच्या परिसरात हा फरक लगेच जाणवतो.

मार्ग आखण्यापूर्वी कोत-दॉरचा, म्हणजे बर्गंडीतल्या या नावाजलेल्या बागांचा उतार समजून घ्यावा, कारण तो समजला की नकाशा आपोआप वाचता येतो. दिजाँ शहरापासून दक्षिणेकडे सांतने गावापर्यंत साधारण ६० किलोमीटर लांबीचा हा चुनखडीचा उतार पूर्वेकडे तोंड करून उभा आहे. उत्तरेकडील भागाला कोत द न्वी आणि दक्षिणेकडील भागाला कोत द बोन म्हणतात. उताराच्या पायथ्याशी, जवळजवळ सपाटीवर, दिजाँहून बोनमार्गे शान्यीकडे जाणारा डी ९७४ हा मोठा रस्ता आहे. त्याच्या पूर्वेची सपाट, भारी माती बहुतांशी साध्या दर्जाच्या वाइनसाठी राखलेली. रस्त्याच्या पश्चिमेला चढ सुरू झाला की गावाच्या नावाची वाइन, त्याच्या वर प्रीमिए क्रू हा वरचा दर्जा आणि उताराच्या मध्यावर, जिथे पाण्याचा निचरा उत्तम आणि माती ना फार जाड ना फार पातळ, तिथे ग्रां क्रू हा सर्वोच्च दर्जा. त्याच्याही वर माती विरळ होते, खडक दिसू लागतो आणि माथ्यावर जंगल लागते. हा दर्जा बाटलीला नव्हे, जमिनीच्या तुकड्याला दिलेला आहे. अशा १२४७ नावाजलेल्या तुकड्यांसह हा मुलूख २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

सायकलस्वाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की त्याच गावांना जोडणारे तीन समांतर मार्ग त्याच्यापुढे असतात. खाली डी ९७४, मध्यावर बागांतल्या वाटा, आणि वर माथ्यापलीकडचा ओत-कोत नावाचा डोंगराळ पट्टा. पहिला मार्ग टाळावा. तो सरळ, वेगवान आणि ट्रकांचा आहे. मोटारींनी सायकलला गावाबाहेर किमान दीड मीटर अंतर सोडून पुढे जावे असा फ्रान्सचा कायदा असला आणि तिथले बहुतेक चालक तो मनापासून पाळत असले, तरी द्राक्षांच्या मुलखात जाऊन हमरस्त्याची पांढरी पट्टी पाहत जाण्यात काही राम नाही. घाई असेल, पाऊस आला असेल किंवा अंधार पडत असेल तेव्हाच त्यावर उतरावे.

मधल्या मार्गाची सुरुवात दिजाँच्या दक्षिणेला, शनोव्ह आणि मार्साने या गावांतून डी १२२ ने होते. हा रस्ता १९३७ साली आखलेल्या ‘रूत दे ग्रां क्रू’ या मार्गाचा भाग आहे, आणि फ्रान्समधला पहिला वाइन मार्ग म्हणून त्याची ओळख आहे. शहराची शेवटची घरे संपली की फिसँ, ब्रोशों, जेव्हरे-शांबेर्तां ही गावे थोड्याथोड्या अंतराने एकामागून एक येतात. जेव्हरे ओलांडल्यावर रस्त्याच्या वरच्या अंगाला शांबेर्तां आणि क्लो द बेझ यांच्या बागा लागतात, आणि इथे एक गोष्ट प्रकर्षाने लक्षात येते. आपल्याकडे तासगाव-मणेराजुरी रस्त्याने जाताना मांडव डोक्याच्या वर असतो. सायकलवरून दिसते ती मांडवाखालची सावली, खोडांच्या रांगा आणि ठिबकच्या नळ्या. बर्गंडीतली वेल कंबरेच्या थोडी वर छाटून ठेवलेली असते. त्यामुळे सीटवर बसलेल्या माणसाची नजर वेलींच्या शेंड्यांवरून थेट जाते आणि संपूर्ण उतार, त्यावरची पुढची दोन गावे, चर्चचे मनोरे आणि वरचे जंगल एका दृष्टिक्षेपात येते. चालणाऱ्याला हे दिसते, पण पुढचे गाव येईपर्यंत त्याचा तास जातो. मोटारीत बसलेल्याची नजर वेलींच्या उंचीलाच अडते. ही बाग पाहण्याची सर्वांत सोयीची जागा सायकलची सीट आहे, हे मी अभिमानाने नव्हे, मोजून सांगतो आहे.

मोरे-सँ-दनी आणि शांबोल-म्यूझिन्यी यांच्यामधला भाग लहान चढ-उतारांचा आहे. चढ कुठेही दमवणारे नाहीत, पण सपाटीची सवय असलेल्याला गिअर बदलत राहावे लागते. वूजोच्या भिंतीला वळसा घालून व्होन-रोमानेकडे जाताना डी १२२ सोडून द्यावा आणि बागेतल्या वाटेने वर जावे. इथेच रोमाने-काँतीची बाग आहे, १.८ हेक्टरची, म्हणजे आपल्या हिशेबाने साडेचार एकरांच्या आत. कोपऱ्यावर दगडी क्रूस, गुडघाभर उंचीची भिंत, आणि बागेत शिरू नये अशी विनंती करणारी साधी पाटी. रखवालदार नाही, कुंपणाची तार नाही. शेजारची बाग आणि ही बाग यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक, पण रस्त्यावरून पाहणाऱ्याला दोन्हींची पाने सारखीच हिरवी दिसतात. मी तिथे बराच वेळ थांबलो, तो क्रूसासाठी नव्हे. पलीकडच्या तुकड्यात चार-पाच माणसे वाकून जुन्या खोडावरची जास्तीची फूट बोटांनी खुडत होती. एका डोळ्यातून दोन फुटवे निघाले असतील तर दुबळा काढायचा, खोडावर खाली आलेला पूर्ण काढायचा, आणि हे करताना हात एका लयीत वेलीवरून वेलीवर जात होता. आपल्याकडे खरड छाटणीनंतर विरळणी करणाऱ्या बायकांचे हात अगदी असेच चालतात. मे महिन्याच्या अखेरीस, म्हणजे घरची एप्रिल छाटणी उरकून मी निघालो होतो, आणि हजारो किलोमीटरवर तेच काम समोर चालू होते.

आप्पांना, म्हणजे चुलत्यांना, तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. ओळीओळींतले अंतर पाहून ते आधी गप्प राहिले.

“आरं, वळी लईच जवळ घेतल्यात की. फवारणीचा ट्रॅक्टर घालत्यात कुठनं?”

“आप्पा, ट्रॅक्टर वळीच्या वरनं जातो. चाकं दोन्ही अंगाला आन् मशीन वर. दावतो तुमास्नी, तिकडं एक उभा हाय.”

“आन् ठिबक दिसंना कुठं.”

“ठिबक न्हाईच. पाणी द्यायचं न्हाई असा नेम हाय इकडं. मुळ्या आपसूक खाली जात्यात म्हणं.”

“मुळ्या खाली जाईपतोर आपल्यात टँकर येतोय,” आप्पा म्हणाले आणि त्यांनी ट्रॅक्टर दाखवायला सांगितले.

ओळीवर स्वार होऊन चालणारा तो उंच पायांचा ट्रॅक्टर या भागाची खूण आहे. एक मीटर बाय एक मीटरवर लावलेल्या वेली, म्हणजे हेक्टरी सुमारे १०,०००, एकरी चार हजार. आमच्याकडे नऊ बाय पाच फुटांवर एकरी हजारसुद्धा भरत नाहीत. त्या दाटीत साधा ट्रॅक्टर शिरूच शकत नाही, आणि काही नामांकित तुकड्यांत आजही घोड्याने नांगरट करतात. वेलींना एकमेकींशी स्पर्धा करायला लावून प्रत्येकीवर थोडाच माल ठेवायचा, हा त्यामागचा विचार आहे. आमचे सगळे शास्त्र याच्या उलट दिशेने वाढलेले आहे: मणी मोठा, घड मोकळा, साल चमकदार. दोघांत एक धागा मात्र समान आहे, तो जमिनीखाली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा किडीने फ्रान्सच्या बागा साफ केल्या, तेव्हा अमेरिकन द्राक्षांच्या खुंटावर कलम करूनच त्या वाचल्या. आमच्याकडे क्षारपड जमीन आणि पाण्याचा ताण यांसाठी डॉगरिज खुंट वापरतात, तोही मूळचा अमेरिकन. आप्पा माळकरी असल्यामुळे या द्राक्षांचे पुढे काय होते, हा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

न्वी-सँ-जॉर्ज ओलांडल्यावर कोंब्लाँशियाँच्या दगडखाणी लागतात आणि बागांचा पट्टा अरुंद होतो. हा तुकडा दिजाँ ते बोन या सुमारे ४५ किलोमीटरमधला सर्वांत नीरस आहे. तो पटकन मागे टाकावा आणि शिल्लक राहिलेला वेळ कॉर्तोंच्या टेकडीला द्यावा. माथ्यावर जंगलाची टोपी असलेली ही टेकडी तीन गावांत विभागलेली आहे. आलॉस-कॉर्तोंहून पेर्नां-व्हेर्जलेसकडे तिला वळसा घालणारी वाट दुपारनंतर घ्यावी, कारण कोत-दॉरवर जवळपास सर्वत्र पूर्वेकडे तोंड केलेला उतार असताना इथे पश्चिमेकडेही बागा आहेत आणि मावळतीचे ऊन तिथे उशिरापर्यंत राहते.

बोनमध्ये मुक्काम करावा. गाव भिंतींच्या आत मावणारे आहे, सायकली भाड्याने मिळतात, आणि रंगीत कौलांचे जुने धर्मार्थ रुग्णालय, १४४३ साली निकोला रोलाँ यांनी स्थापन केलेले, पाहण्यासारखे आहे. या रुग्णालयाला दान मिळालेल्या बागांतल्या वाइनचा लिलाव १८५९ पासून भरतो आणि आता तो नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी असतो. तासगावच्या बेदाणा सौद्यांना बसलेल्या माणसाला लिलावाची उत्कंठा समजावून सांगावी लागत नाही.

बोनपासून सांतनेपर्यंत ‘व्हुआ दे व्हिन्य’ हा खुणा लावलेला, सुमारे २२ किलोमीटरचा सायकल मार्ग आहे. नवख्या माणसाला एकच दिवस मिळणार असेल तर मी डोळे झाकून हाच सुचवीन. पोमारच्या उंच दगडी भिंती, व्होल्नेचा चढ, मर्सो, मग प्युलिन्यी-मोंराशे आणि शासान्य-मोंराशे. मोंराशे ही आठ हेक्टरची बाग या शेवटच्या दोन गावांत अर्धी-अर्धी वाटलेली आहे, आणि दोघांनीही तिचे नाव आपल्या नावाला जोडून घेतले आहे. पोमार-व्होल्नेपर्यंत लाल वाइनचा पिनो न्वार आणि मर्सोपासून पुढे मुख्यतः पांढरीसाठीचा शार्दोने, हा बदल पानांच्या छटेवरून ओळखायचा मी प्रयत्न केला, पण मे महिन्यात ते काम तज्ज्ञांचेच. मार्ग मात्र नवख्यासाठीच आहे: चढ थोडे, वळणांवर हिरव्या खुणा, मोटारी जवळजवळ नाहीत. लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की ही वाट ट्रॅक्टरची आहे. समोरून तो उंच ट्रॅक्टर आला की आपण बाजूला होऊन थांबायचे, हात वर करून नमस्कार करायचा, आणि तो गेल्यावर चाकांनी आणलेल्या मातीवरून जपून निघायचे. पावसानंतर ही चुनखडीची माती टायरला लेपासारखी चिकटते आणि ब्रेकमध्ये जाऊन बसते. त्यामुळे २३ मिलिमीटरच्या शर्यतीच्या टायरपेक्षा २८ ते ३२ मिलिमीटरचा टायर इथे केव्हाही बरा. उतारावर वाट ओलांडणारे काँक्रीटचे नाले असतात, वाहून आलेली माती आणि पाणी अडवण्यासाठीचे. ते तिरके ओलांडू नयेत.

ज्याला चढ हवेत त्याने तिसरा मार्ग घ्यावा. उताराला जागोजाग छेदणाऱ्या कोरड्या, अरुंद दऱ्यांतून रस्ते वर ओत-कोतमध्ये चढतात. जेव्हरेहून शांबफकडे जाणारा डी ३१ अशाच लाव्हो दरीतून जातो. दोन्ही बाजूंना उभे कडे, दाट झाडी आणि थंडगार हवा, त्यामुळे चढ सुसह्य होतो. वर गेल्यावर चित्र पार बदलते. गव्हाची शेते, गाई, मधूनच द्राक्षांचे तुकडे, आणि तासभर एखादीच मोटार. ५ जुलै २०२४ रोजी टूर द फ्रान्सचा सातवा टप्पा, न्वी-सँ-जॉर्ज ते जेव्हरे-शांबेर्तां हा २५.३ किलोमीटरचा वैयक्तिक टाइम ट्रायल, याच पट्ट्यातून क्युर्तिल-व्हेर्जीचा चढ घेऊन गेला आणि रेम्को एव्हेनपूल यांनी तो जिंकला. त्याच मार्गावर स्वतःची वेळ लावून पाहण्याचा मोह आमच्यासारख्यांना होतोच. निकाल सांगण्यासारखा नाही एवढेच नमूद करतो. दक्षिणेकडच्या ओत-कोतमध्ये मर्सोहून ओक्से-द्युरेसमार्गे सँ-रोमँच्या कड्यांपर्यंत चढून, तिथून ला रोशपोच्या रंगीत कौलांच्या किल्ल्याजवळून नोलेला उतरणे आणि सांतनेमार्गे बागांतून परत येणे, हा पूर्ण दिवसाचा फेरा मला सगळ्या प्रवासात सर्वाधिक आवडला. माथ्यावरची मोकळी हवा आणि खालची दाट शेती एकाच दिवसात, आणि दमछाक आमच्याकडच्या दंडोबा डोंगराच्या चढापेक्षा फार नाही.

वाऱ्याचा विचार करून दिशा ठरवावी. उत्तरेकडून येणारा थंड, कोरडा वारा वाहत असेल तर दिजाँहून दक्षिणेकडे यावे आणि परतीला रेल्वे घ्यावी. उताराच्या पायथ्यानेच लोहमार्ग जातो. न्वी, बोन, मर्सो, शान्यी येथे प्रादेशिक टीईआर गाड्या थांबतात आणि त्यांत सायकल उभी करून नेता येते. पॅरिसहून दिजाँपर्यंतच्या जलद टीजीव्ही गाडीत मात्र नियम कडक आहेत. सायकल सुटी करून १.३० बाय ०.९० मीटरच्या पिशवीत घालावी लागते किंवा सायकल नेता येणाऱ्या गाडीत वेगळी जागा आरक्षित करावी लागते. विमानासाठी आणलेला मोठा खोका तिथे चालत नाही, हे आधीच ध्यानात घेऊन पिशवी सोबत न्यावी.

खाण्यापिण्याचे वेळापत्रक हा आपल्या माणसाला सर्वांत जड जाणारा भाग आहे. गावातली उपाहारगृहे बारा ते दोन या वेळेतच जेवण देतात; अडीच वाजता पोहोचलेल्या सायकलस्वाराला कोणी विचारत नाही, मग तो कितीही घामाघूम असो. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी दुकाने बंद असण्याचीच शक्यता धरून चालावे. सकाळी बेकरीतून पाव आणि चीज घेऊन ठेवणे हा सुज्ञपणा. मी जर्सीच्या मागच्या खिशात घरचा बेदाणा ठेवला होता आणि तो उत्तम चालला. भडंग मात्र बॅगेत चुरा होऊन जातो, तो मुक्कामावर खाण्यासाठीच न्यावा. पाण्याची सोय गावातल्या हौदावर किंवा नळावर होते, पण त्यावर ‘ओ नों पोताब्ल’ असे लिहिले असेल तर ते पाणी पिण्याचे नाही. नळ दिसला नाही तर चर्चजवळची दफनभूमी शोधावी. फुलझाडांना पाणी घालण्यासाठी तिथे बहुधा नळ असतो, आणि फ्रेंच सायकलस्वारही बाटली तिथेच भरतात.

वाइन चाखण्याबद्दल नियम सर्वांना सारखा आहे. रक्तातील अल्कोहोलची ०.५ ग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. तळघरात चाखायला दिलेली वाइन थुंकून टाकण्यासाठी भांडे ठेवलेले असते आणि ते वापरण्यात कोणताही अनादर मानला जात नाही. गावातली लहान घराणी आधी वेळ ठरवल्याशिवाय दार उघडत नाहीत, आणि पेडलमध्ये अडकणाऱ्या क्लीटचे सायकलचे बूट घालून जुन्या दगडी पायऱ्या उतरणे हा स्वतंत्र धोका आहे.

आल्सासची गोष्ट थोडी वेगळी. मार्लेनहाइमपासून टानपर्यंतचा १७० किलोमीटरचा वाइन मार्ग १९५३ पासून आहे आणि त्याला समांतर बागांतून जाणारा सायकल मार्ग आहे. पश्चिमेला व्होज पर्वत पाऊस अडवतो, त्यामुळे माथ्यावर दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडत असताना पायथ्याच्या कोलमारला तो सहाशेच्या आसपासच राहतो. महाबळेश्वर-कोयनेचा पाऊस आणि जत-कवठेमहांकाळची कोरडी जमीन एकाच सह्याद्रीच्या दोन बाजूंना पाहिलेल्या माणसाला हे गणित लगेच कळते. द्राक्षाला हवा तोच कोरडेपणा सायकललाही हवा असतो. एगिसहाइम, रिकव्हीर, रिबोव्हिले ही लाकडी चौकटींच्या घरांची गावे देखणी आहेत, पण दहा वाजल्यानंतर तिथे बसगाड्यांनी आलेल्या पर्यटकांतून सायकल हातात धरून चालावे लागते. भल्या सकाळी निघावे. सौंदर्यात आल्सास उजवे ठरेल, शांततेत बर्गंडी.

बोर्दोजवळ लातरेनपासून सोव्हतेर-द-ग्वीयेनपर्यंत जुन्या लोहमार्गावर केलेला लांब सायकल मार्ग रोजे लापेबी यांच्या नावाने आहे. १९३७ ची टूर द फ्रान्स त्यांनी जिंकली, आणि गिअर बदलणारा डिरेलर वापरण्याची परवानगी त्या शर्यतीत पहिल्यांदाच मिळाली होती. मार्ग सावलीचा, सपाट आणि सुरक्षित आहे. लहान मुलांसह जाणाऱ्या कुटुंबाला यापेक्षा चांगला सापडणार नाही. पण लोहमार्ग खोदलेल्या चरातून आणि झाडीतून जातो, त्यामुळे बागा मधूनमधूनच दिसतात. ल्वार नदीकाठचा प्रसिद्ध मार्ग राजवाड्यांसाठी आहे, द्राक्षांसाठी नाही, असे माझे मत आहे. व्हाँतूच्या पायथ्याच्या बागा सुंदर असल्या तरी तिथे गेलेला सायकलस्वार शेवटी १९०० मीटर उंचीच्या त्या डोंगराकडेच पाहत राहतो.

ऋतूंविषयी सांगायचे तर मे अखेर ते जून आणि सप्टेंबर हे काळ उत्तम. एप्रिलमध्ये वेल फुटलेली असते आणि दंव पडण्याची भीती असते. २०२१ च्या एप्रिलमधील दंवाने फ्रान्सभर मोठे नुकसान केले, आणि अशा रात्री शेतकरी ओळींमध्ये मोठ्या मेणबत्त्या पेटवून जागे राहतात. ज्यांनी फळछाटणीनंतरचा अवकाळी पाऊस आणि डाउनी रोगाची धास्ती अनुभवली आहे, त्यांनी त्या दिवसांत तिथे पाहुणा म्हणून जाऊ नये. तोडणीच्या दिवसांत दृश्य उत्तम असते, पण वाटा ट्रेलर आणि मजुरांच्या गाड्यांनी भरलेल्या असतात आणि सायकलस्वार अडचणच ठरतो.

इकडे सरावासाठी माधवनगर, कवलापूर, कुमठे करत तासगाव आणि पुढे मणेराजुरीवरून कवठेमहांकाळ हा रस्ता घ्यावा. जानेवारी-फेब्रुवारीत पहाटे निघाल्यास मालाच्या गाड्या लागण्याआधी परत येता येते. तिथे मुख्य रस्ता सोडून बागांत शिरण्याची सोय नाही, कारण पाणंद बहुधा काळ्या मातीची, पावसात चिखलाची आणि उन्हाळ्यात फुफाट्याची असते. काही ठिकाणी त्यांचे मुरमीकरण झाले आहे आणि तेवढ्या तुकड्यांत रुंद टायरची सायकल सुखाने चालते. सावळजच्या बाजूला असे दोन-तीन तुकडे जोडून एक फेरा होतो. त्याच्या मार्गाची जीपीएक्स फाइल सायकल ग्रुपवर टाकली आहे.

पुढच्या वेळी बोनहून आणखी दक्षिणेकडे, जिव्ह्री ते क्लुनी या ४४ किलोमीटरच्या व्हुआ व्हेर्त या सायकल मार्गावर जायचा बेत आहे. जुन्या लोहमार्गावरचा हा मार्ग १९९७ साली सुरू झाला. क्लुनीहून पुढे माकोंकडे जाताना ब्वा क्लेरचा १.६ किलोमीटरचा बोगदा लागतो, आणि तो हिवाळ्यात वटवाघळांसाठी बंद ठेवतात. घरची एप्रिल छाटणी उरकून निघणाऱ्याला त्याची अडचण पडणार नाही. सायकलला पुढचा दिवा मात्र चांगला लागेल.